कामगारांचे मुखत्यार

कामगार संघटनांनी कामगारांचे हित केले की अहित, हा वाद महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तो बहुधा परळच्या नाक्यावर उभा राहून केला जातो. एका पक्षाला तेथे बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे दिसतात, आणि तो म्हणतो की पुढाऱ्यांच्या हट्टापायी धंदा बुडाला व धंद्याबरोबर कामगारही बुडाला. दुसऱ्या पक्षाला त्याच जागी एके काळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यापुढे उभा राहणारा माणूस दिसतो, आणि तो विचारतो की रविवारची सुटी, महागाई भत्ता आणि म्हातारपणचा फंड हे सारे मालकांनी त्या माणसाला आपण होऊन दिले होते काय. दोन्ही पक्षांच्या दप्तरांत पुरावा भरपूर आहे. परंतु ज्या कामगाराविषयी ते इतक्या हिरिरीने बोलतात त्याचे घर परळला नव्हतेच, ही गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानातून निसटते. परळला त्याची वळकटी होती, पेटी होती, आणि पंधरा-वीस जणांनी पाळीपाळीने निजावयाच्या खोलीतली हातभर जागा होती. घर होते संगमेश्वरास, लांज्यास, राजापुरास, खेड-गुहागरच्या डोंगरवाड्यांत, किंवा खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे. संघटनेने त्याचे काय केले याचा हिशेब मांडावयाचा तर तो या मुलखात येऊन मांडला पाहिजे, अशी माझी समजूत आहे, आणि पुढील पृष्ठांची मांडणी त्याच समजुतीने केलेली आहे.

रत्नागिरी जिल्हा आणि मुंबईची गिरणी यांचा संबंध किती निकटचा होता हे आजच्या वाचकास आकड्यांवाचून पटणे कठीण. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली, आणि १९११ च्या शिरगणतीपर्यंत अशी स्थिती आली की मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक या एकट्या जिल्ह्यात जन्मलेले निघाले. पुढे घाटावरून व उत्तरेकडून माणसांची आवक वाढली तसे हे प्रमाण उतरत गेले आणि १९३१ साली ते चौथाईवर आले. तरीसुद्धा एका जिल्ह्याने एका धंद्यास इतकी माणसे पुरवावी ही असामान्यच गोष्ट होय. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मिळून, हे येथेच सांगून ठेवतो. त्यांची विभागणी १ मे १९८१ रोजी झाली.

माणसे गेली ती मुंबईच्या ओढीने गेली असे म्हणण्यापेक्षा जमिनीने त्यांना लोटले असे म्हणणे अधिक सयुक्तिक. भातखाचरे थोडी, वरकस जमीन अफाट, आणि त्या जमिनीवर खोताचा अंमल. खोत हा मुळात सरकारसारा गोळा करणारा वतनदार. परंतु कालांतराने गावाचा धनीच होऊन बसला, आणि कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा हिस्सा त्याच्या खळ्यात जाऊ लागला. हा हिस्सा भागवून उरलेल्या नाचणी-वरीवर वर्ष निघत नसे, म्हणून घरातला एक भाऊ गलबताने, पुढे आगबोटीने मुंबई गाठी, आणि गिरणीचा पगार झाला की त्यातला वाटा गावच्या टपालकचेरीत येऊन पडे. तो पैसा खोताच्या देण्यात, सावकाराच्या व्याजात, बहिणीच्या लग्नात जाई. म्हणजे गिरणीच्या मजुरीने कोकणातली शेती तगली होती. आणि याच्या उलटही तितकेच खरे होते: कोकणातल्या शेतीने गिरणीची मजुरी तगवली होती. बायको-मुले व म्हातारी माणसे गावी राहून अर्धेमुर्धे धान्य पिकवीत, म्हणूनच एकट्या पुरुषापुरता पगार देऊन मालकाचे भागत असे. या व्यवस्थेची खूण अद्याप पुसलेली नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, आणि महाराष्ट्रातील हे सर्वांत मोठे प्रमाण होते.

संघटना येण्यापूर्वी गिरणीत कामगाराचा वाली कोण होता? जॉबर. हा प्राणी आता इतिहासजमा झाला असल्यामुळे त्याचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे. कामगार भरती करावयाचा तो जॉबरने, काढावयाचा तो जॉबरने, रजा, बदली, उसनवार, खोलीची सोय, फार काय गावाकडची भांडणे मिटविणे हेसुद्धा जॉबरच्याच हाती; आणि या सर्वांबद्दल दस्तुरी घेणेही ओघानेच आले. तो बहुधा कामगाराच्याच मुलखातला, पुष्कळदा गावचा किंवा नात्यातला असे, त्यामुळे त्याचा जुलूम हा जुलूम वाटत नसे आणि त्याचा उपकार फेडून संपत नसे. संघटना नसती तर कामगार व मालक यांच्यात सरळ, मोकळा करार झाला असता असे जे आज अर्थशास्त्राच्या नावाने सांगितले जाते, ते सांगणाऱ्यांनी या जॉबरची आठवण ठेवावी. मधली जागा रिकामी कधीच नव्हती. संघटना नव्हती तेथे दस्तुरी घेणारा बसलेला होता. मालकांचे म्हणाल तर त्यांची एकी बोभाटा न होता नित्य चालू असते, ही गोष्ट अॅडम स्मिथने १७७६ सालीच नमूद करून ठेवली आहे, आणि तो काही कामगारांचा पुढारी नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, तेव्हा त्यातल्या मागण्या वाचून आजचा माणूस ओशाळेल: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू व मावळता बंद, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर हातपाय गेला तर काही भरपाई. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. लोखंडे यांची संस्था आजच्या अर्थाने संघटना नव्हती. तिला नियम नव्हते, वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती. तथापि त्याच वर्षी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, ही गोष्ट मला सुटीइतकीच महत्त्वाची वाटते.

१९०८ च्या जुलैत, रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. त्या प्रसंगाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, आणि तो लढा पगाराचा नसल्यामुळे येथे त्यात शिरत नाही. आपल्या प्रश्नाशी खरा संबंध येतो तो १९२८ च्या संपाचा. मालकांनी विणकराला दोन मागांऐवजी तीन माग आणि साचेवाल्याला एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळावयास लावण्याची योजना आणली, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार कामावर गेले नाहीत. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली; डांगे प्रभृती शिकलेल्या तरुणांबरोबर आळवे व कासले यांच्यासारखी गिरणीतच काम केलेली माणसे तिच्या अग्रभागी होती, आणि वर्ष सरता सरता तिच्या सभासदांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. सहा महिने पगार नसलेली दीड लाख माणसे जगली कशी? निधी म्हणून जो जमला तो समुद्रात मीठ टाकल्यासारखा होता. माणसे जगली ती गावाने जगविली म्हणून. हजारो कामगार आगबोटीने, गलबतांनी, पायी कोकणात परतले, पावसाळा तोंडावर होता, लावणीस हात लागले, आणि संपाचा खरा राखीव निधी म्हणजे रत्नागिरीच्या खाचरांतले भात हे सिद्ध झाले. या निधीत भरणा करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, ज्यांना युनियनने कधी पावती दिली नाही आणि ज्यांना संप चालू ठेवावा की मिटवावा हे कोणी विचारलेही नाही.

संघटना म्हणजे कोणाची, हा प्रश्न त्याच संपात आणखी एका बाजूने उभा राहिला. गिरणीत अधिक पगार विणकामखात्यात. आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकरास चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे मागणी ठेवली की हा मज्जाव उठविण्याचे कलमही मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी ते घातले, पण नाखुशीने. कामगारांची एकी ही घोषणा देणाऱ्या संघटनेस आपल्या सभासदांपैकी काहींनी दुसऱ्या काहींना चांगल्या कामापासून दूर ठेवले आहे हे दिसत असूनही मालकाच्या अन्यायाइतके बोचत नव्हते. १९२९ च्या संपास आंबेडकरांनी विरोध केला तो याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. आणि तेच आंबेडकर १९३८ साली, मुंबई सरकारने संपावर निर्बंध घालणारा औद्योगिक कलहांचा कायदा आणला तेव्हा, कम्युनिस्टांच्या खांद्यास खांदा लावून ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात उतरले. या दोन भूमिकांत विसंगती पाहणारे टीकाकार आहेत. मला त्यांत पूर्ण सुसंगती दिसते. संप करण्याचा हक्क हा कामगाराचा, पुढाऱ्याचा नव्हे, असे ज्याने मानले त्याने एका संपास विरोध करावा आणि संपाच्या हक्कासाठी मात्र रस्त्यावर यावे, हेच त्यास शोभून दिसते. या संपाआधीच त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर नेला होता. गिरणीतला कामगार आणि गावचे कूळ हा एकच मनुष्य आहे, हे ओळखणारे पुढारी त्या काळी फार थोडे होते. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, हा त्याच ओळखीचा दुसरा पुरावा होय. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

स्त्रियांची गोष्ट मी मुद्दाम स्वतंत्र काढतो. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीळखात्यात तर त्यांचेच राज्य. पुढे बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, यंत्रे बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर बायकांच्या जागा कमी होत गेल्या, तोवर की अखेरच्या काळात शंभरांत त्या चार-पाच उरल्या. उषाताई डांगे यांच्यासारख्यांनी स्त्री-कामगारांचे मोर्चे काढले, हे खरे; परंतु कुटुंबास पुरेल असा पगार पुरुषास मिळावा ही मागणी लावून धरणाऱ्या संघटनांना, तो पगार मिळाला की बाईने घरी जावे हे बहुधा मनातून मान्यच होते. संघटनांनी अहित केले काय, असा प्रश्न रीळखात्यातील बाईस विचारला असता तर तिचे उत्तर नवऱ्याच्या उत्तराहून निराळे आले असते.

आता जमेची बाजू. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत पगाराची प्रमाणश्रेणी ठरली, किमान मूळ वेतन महिना ३० रुपये झाले, आणि त्यावर राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता मिळू लागला. ज्या माणसाचा पगार कालपर्यंत खात्याखात्यागणिक आणि जॉबरच्या मर्जीगणिक बदलत होता, त्यास आपला पगार किती हे छापील कागदावर वाचता येऊ लागले. पाठोपाठ राज्य विमा, भविष्यनिर्वाह निधी, १९६५ चा बोनसचा कायदा व १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा हे आले. यांतले काहीही एकट्या संपाने मिळाले नाही आणि काहीही संपाच्या धाकाशिवाय मिळाले नाही. रत्नागिरीच्या खेड्यांतून कौलारू झालेली घरे, मुलांची मॅट्रिकपर्यंतची शिक्षणे आणि गावच्या देवळांच्या नि शाळांच्या भिंतींवर कोरलेली ग्रामस्थ मंडळ, मुंबई ही अक्षरे, यांमागे हा छापील कागद उभा आहे.

यावर अर्थशास्त्र्यांचा आक्षेप असा की संघटना आपल्या सभासदांची मजुरी वाढविते ती बाहेर उभ्या असलेल्यांच्या जिवावर. मालकास माणूस महाग झाला की तो माणसे कमी घेतो, यंत्रे अधिक आणतो, किंवा काम बाहेर देतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी बदली मिळेल या आशेने उभी राहणारी रांग हा त्याचा जिवंत दाखला होता: कायम कामगार आजारी पडेल, गणपती-शिमग्याला गावी जाईल, तेव्हा त्याच्या जागी महिन्यात दहा-पंधरा दिवस उभे राहावयाचे, आणि अशी वर्षांमागून वर्षे घालवावयाची. कायम कामगार व बदली कामगार हे पुष्कळदा चुलत-मावस भाऊ असत, एकाच खोलीत राहत, पण संघटनेच्या वहीत त्यांचे वजन सारखे नव्हते. याउलट अमेरिकेतील रिचर्ड फ्रीमन व जेम्स मेडॉफ यांनी १९८४ साली असे दाखविले की संघटनेस दोन तोंडे असतात. एकाने ती मक्तेदारासारखी भाव चढविते, आणि दुसऱ्याने ती कामगाराची तक्रार मालकाच्या कानापर्यंत पोहोचविते, ज्यामुळे मनुष्य नोकरी सोडून जाण्याऐवजी टिकून राहतो व कामही सुधारते. कोणते तोंड केव्हा बोलेल हे कशावरून ठरते, याचे उत्तर मात्र परदेशी ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. ते मुंबई राज्याच्या एका कायद्यात सापडते.

कोकणातल्या माणसास मुखत्यारपत्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन सामाईक, भाऊ मुंबईस, सातबाऱ्यावर पंधरा नावे. अशा स्थितीत गावच्या भावास कुलमुखत्यार नेमून तलाठ्यापासून दिवाणी कोर्टापर्यंतची कामे त्याच्यावर सोपवावी लागतात. मुखत्यार सज्जन निघाला तर घर तरते. तो लबाड निघाला तर मुंबईकर भाऊ पहिल्या बोटीने येऊन मुखत्यारपत्र रद्द करतो, आणि तसे करता येते या जाणिवेनेच पुष्कळ मुखत्यार सज्जन राहतात. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हे एक असे मुखत्यारपत्र होते की जे देणाऱ्यास रद्द करण्याचा मार्ग व्यवहारात जवळजवळ नव्हता. एका धंद्यात, एका क्षेत्रात, एकच प्रातिनिधिक संघटना. तिनेच वाटाघाटी कराव्या, तिनेच करार करावा, आणि तो सर्वांवर बंधनकारक. प्रातिनिधिक कोण, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे तर वर्गणीच्या पावत्या व सरकारी निबंधकाची नोंद यांवरून ठरावयाचे. हेतू चांगला होता, हे नाकारता येणार नाही. पाच संघटना पाच तोंडांनी बोलू लागल्या तर मालकाचेच फावते, आणि युद्धकाळात तसा अनुभव आलाही होता. परंतु राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे हे मुखत्यारपत्र गेले ते पुढची अनेक दशके त्याच्याकडेच राहिले. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला, गिरण्या खरोखर बंद पाडल्या, आणि कायद्याच्या दृष्टीने ती वाटाघाटीस बसण्यास पात्र नसल्यामुळे संप रिकाम्या हाताने मिटला. त्या वेळी हा इशारा कोणी घेतला असता तर पुढचा अनर्थ कदाचित टळला असता.

पुढचा अनर्थ म्हणजे १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत हे मालवणजवळच्या देवबागचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. घाटकोपरास डॉक्टरकी करता करता खाणीतल्या मजुरांच्या दुखण्यांतून त्यांच्या मजुरीकडे वळलेला हा मनुष्य. इंजिनिअरिंग व रसायनांच्या कारखान्यांत त्यांनी भरघोस पगारवाढीचे करार करून दिले होते, ताळेबंद पाहण्याच्या भानगडीत ते पडत नसत, आणि मारामाऱ्यांचे आरोप त्यांच्या चळवळीस चिकटलेले होते. १९८१ च्या दिवाळीत प्रातिनिधिक संघाने केलेला बोनसचा करार कामगारांस अपुरा वाटला, आणि ते आपण होऊन सामंतांच्या दारी गेले. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले; मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांस कायम करणे होते, आणि १९४६ चा तो कायदा रद्द करणे हेही होते. सामंतांचे पुष्कळ टीकाकार ही शेवटची मागणी विसरतात.

संपाची कोंडी अशी पडली की ज्या संघाशी बोलण्यास कायदा मालकांना बांधून घेत होता त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलण्यास कायदा मोकळीक देत नव्हता. मालकांना ही कोंडी सोयीची होती. गोदामात माल साचलेला, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड विणून देत असलेले, कित्येक गिरण्यांची यंत्रे पन्नास-पन्नास वर्षांची; अशा गिरणीला संपाने वर्षभर पगार वाचवून दिला तर मालकाने घाई का करावी? सरकारला भीती की येथे सामंत जिंकले तर बंदरे व रेल्वेही त्यांच्याकडे जातील. पहिले काही महिने गावाने १९२८ प्रमाणेच संप पेलला. लाल एस.टी. भरून माणसे आली, लावणी झाली, कापणी झाली. परंतु चोपन्न वर्षांत गाव बदलले होते: वाटण्या होऊन खाचरे तुकडा-तुकडा झालेली, धान्यापेक्षा मनीऑर्डरीवर चूल अधिक विसंबलेली, आणि मनीऑर्डर पाठविणाराच घरी येऊन बसलेला. बायकांचे दागिने गेले, फंडाची उचल गेली. संप मिटल्याची घोषणा कोणी केलीच नाही, आजतागायत नाही. तो विरत गेला. लाखभर माणसे पुन्हा गिरणीत गेली नाहीत. १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला, १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट नियमांतूनच उघडली, आणि सुमारे ६०० एकरांच्या त्या जागेचे मोल कापडाहून कितीतरी अधिक आहे हे उघड झाले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईस सामंतांचा खून झाला.

सामंतांनी गिरण्या बुडविल्या, हे एका वाक्याचे उत्तर मला मान्य नाही. संपाआधीच आजारी पडलेल्या गिरण्यांची यादी पाहणारास ते मान्य होण्यासारखेही नाही. परंतु सामंतांचा दोष नव्हता, असेही मी म्हणणार नाही. उन्हाळा सरून पावसाळा लागला तेव्हा माघार घेण्याची, निदान मार्ग शोधण्याची वेळ आली होती, आणि ती ओळखण्यासाठी खेड-संगमेश्वरच्या एखाद्या वाडीत चार दिवस बसणे पुरे झाले असते. तसे सांगणारी यंत्रणा त्यांच्या संघटनेत नव्हती. मतदान नव्हते, खात्याखात्यांच्या निवडलेल्या समित्यांना अधिकार नव्हता. होती ती एका माणसावरची श्रद्धा. एका संघाचे मुखत्यारपत्र कायद्याने अढळ केले होते, दुसऱ्याचे भक्तीने, आणि कामगारास दोहोंपैकी एकही परत घेता आले नाही. हित की अहित या प्रश्नाचा निकाल मागण्यांच्या आकाराने लागत नाही, तो मुखत्यार बदलण्याच्या सोयीने लागतो, या निष्कर्षाप्रत मी आलो तो या दोन संघांकडे एकत्र पाहून.

परतलेल्या माणसांचे पुढे काय झाले हे परळच्या इतिहासात नाही. कोणी कलमे लावली, कोणी रिक्षा घेतली, कोणी मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या गाड्या ओढल्या. पुष्कळांनी गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीसाठी गिरणीचा जुना पास आणि हजेरीचे कार्ड जपून ठेवले. त्यांची मुले लोटे-परशुरामच्या रसायनांच्या वसाहतीत व मिरजोळ्याच्या कारखान्यांत कामास लागली, आणि तेथे त्यांना भेटला तो कंत्राटदार. भरती त्याच्या हाती, काढणे त्याच्या हाती, हजेरीपट त्याच्याकडे. वाचकास जॉबर आठवला असेल. बंदरावर तर स्थिती आणखी निराळी आहे: ट्रॉलरवरचे खलाशी व बागांचे राखणदार हे आता नेपाळहून, कर्नाटक-आंध्रातून येतात, हंगामाआधी उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत बांधलेले राहतात, आपले आजोबा मुंबईत जसे राहत तसेच हे आपल्या गावात राहतात, आणि ज्या आंगण्यांतून एके काळी लाल बावट्याच्या गोष्टी निघत त्याच आंगण्यांतून आज त्यांना उचलीचे पैसे मोजून दिले जातात. यावर आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही.

अशा विखुरलेल्या मजुरांची संघटना होऊच शकत नाही, हे म्हणणे निदान महाराष्ट्रात तरी टिकत नाही. हमाल हा तर मालक-नसलेला मजूर. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्याचे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि मजूर, मालक व सरकार यांच्या मंडळाकडे मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही भरण्याची पद्धत बसली, जीतून फंड, सुटी, दवाखाना यांची सोय झाली. या मंडळांत पुढे दोष शिरले, खोट्या माथाड्यांच्या तक्रारी आल्या. पण रचना निर्माण झाली ती झाली.

रत्नागिरीच्या कारखान्यांस लागू पडत आला तो १९७१ चा महाराष्ट्राचा मान्यतेचा कायदा, ज्यात तीस टक्के सभासदत्व दाखविणाऱ्या संघटनेस मान्यता, आणि तीही पुन्हा पावत्यांच्याच तपासणीवर. आता २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा अधिकार एकट्या संघटनेस हवा असेल तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा आवश्यक केला आहे, संपास चौदा दिवसांची नोटीस सर्वत्र लावली आहे, आणि कामगार-कपातीस सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेंवर नेली आहे. एक्कावन्न टक्क्यांची अट, तिच्यामागे खरे गुप्त मतदान उभे राहिले तर, १९४६ च्या दोषाची दुरुस्ती ठरू शकेल. या एका कलमाचे मी स्वागत करतो, जरी उरलेल्यांविषयी माझे मत तितके अनुकूल नाही. मात्र ते एक्कावन्न टक्के कोणाच्या हजेरीपटावरून मोजावयाचे? लोट्याच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची नावे कारखान्याच्या पटावर नसून कंत्राटदाराच्या वहीत असतात. त्या वहीतल्या माणसांना मुखत्यार नेमण्याचा अधिकार आहे की नाही, आणि असल्यास त्यांनी तो कोणापुढे बजावावयाचा, या प्रश्नापासून पुढील प्रकरणांस आरंभ होतो.